शाळा म्हणजे फुलपाखरू नव्हे

(दहावी १९८४ च्या तुकडीचा स्नेहमेळावा, गंगापूर, २०२४. मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



चाळीस वर्षांनी आपण एकत्र जमलो आहोत. मला बोलायला सांगताना संयोजकांनी दोन अटी घातल्या. पहिली, "इतकी वर्षं तू नेमकं काय केलंस ते आम्हाला कळेल असं सांग." दुसरी, "जेवण गार व्हायच्या आत संपव." दुसरी अट मी नक्की पाळीन. पहिली पाळली की नाही ते तुम्ही जेवताना सांगालच. आपल्या तुकडीत तोंडावर बोलणाऱ्यांची कमतरता तेव्हाही नव्हती.

माझा विषय भौतिकशास्त्र, आणि त्यातली नॉनलिनिअर डायनॅमिक्स नावाची शाखा. पुस्तकी मराठीत तिला अरेषीय गतिशास्त्र म्हणतात. हे नाव ऐकलं की समोरचा माणूस पावसापाण्याच्या गप्पा सुरू करतो. मला ते चालतं, कारण पाऊसपाणी हा माझ्या विषयाचाच भाग आहे. म्हणून आज नाव बाजूला ठेवतो आणि शेतापासूनच सुरुवात करतो.

समजा, कपाशीला एकरी एक पोतं खत टाकलं आणि त्यामुळे उत्पन्न दोन क्विंटलने वाढलं. दोन पोती टाकली तर ते चार क्विंटलने वाढेल का? नाही, त्याहून कमीच वाढेल. आणि दहा पोती टाकली तर? पीक करपून जाईल. कारण दुप्पट केलं म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, अशा गोष्टीला अरेषीय म्हणायचं. दोन दिवस काम, दोन दिवसांची मजुरी, हे झालं रेषीय. पण असा सरळ हिशेब वहीत जास्त भेटतो आणि शिवारात कमी. पाऊस, पिकावरची कीड, नदीचा पूर, हृदयाचे ठोके हे सगळं अरेषीय.

मग शाळेत आपल्याला सगळं सरळ रेषेतलं का शिकवलं? कारण ते सोडवता येतं. लंबकाचा प्रयोग आठवा. दोऱ्याला गोळी बांधून आपण वीस आंदोलनं मोजायचो. सर प्रत्येक गटाजवळ येऊन सांगायचे, "झोका लहान ठेवा." लहान का? कारण झोका मोठा दिला की पुस्तकातलं सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. त्या "लहान ठेवा"च्या पलीकडे जे जग आहे, त्यात मी तीसएक वर्षं काढली. एवढीच माझी नोकरी.

त्या जगात काय दिसतं, ते आता तुम्हीच करून बघा. सगळ्यांनी मोबाईल काढा आणि कॅल्क्युलेटर उघडा. आपल्या वेळी परीक्षेत लॉग टेबल मिळायचं, आज कॅल्क्युलेटरला परवानगी आहे. खेळाचा नियम सोपा आहे. एक संख्या घ्या. ती एकातून वजा करा. मूळ संख्या आणि ही वजाबाकी यांचा गुणाकार करा आणि त्याला चारने गुणा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा तेच करा. कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक तसेच ठेवा, मध्येच कापू नका. डावीकडच्यांनी ०.३ पासून सुरुवात करा, उजवीकडच्यांनी ०.३०१ पासून. फरक फक्त एक हजारांशाचा आहे.

पहिल्या पायरीला डावीकडे ०.८४०, उजवीकडे ०.८४२. जवळजवळ सारखंच. चौथ्या पायरीला ०.०२२ आणि ०.०१८. अजून फार बिघडलेलं नाही. आठव्या पायरीला ०.४४८ आणि ०.७१९. दहाव्या पायरीला डावीकडे ०.०४३ आणि उजवीकडे ०.६२०. दोन्ही बाजूंचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. नियम तोच, गणित बरोबर, कोणी गडबड केलेली नाही. तरीही सुरुवातीचा हजारांशाचा फरक दहा पायऱ्यांत सगळं चित्र खाऊन गेला.

आता कोणी म्हणेल, सुरुवात आणखी अचूक मोजू. मोजा. ०.३०१ ऐवजी ०.३०००१ घ्या. चूक शंभर पटीने कमी झाली. त्या बदल्यात तुम्हाला मिळतात जेमतेम सहा-सात पायऱ्या. नंतर पुन्हा तोच गोंधळ. मोजमाप शंभरपट सुधारावं आणि भविष्य सहा पायऱ्यांनी लांबावं, हा व्यवहार कोणाही व्यापाऱ्याला तोट्याचाच वाटेल. निसर्ग आपल्याशी हाच व्यवहार करतो. या प्रकाराला इंग्रजीत केऑस म्हणतात. नियम पक्का आहे, पण भविष्य थोड्याच अंतरापर्यंत दिसतं.

हे गणित खेळ म्हणून जन्मलं नाही. रॉबर्ट मे नावाच्या शास्त्रज्ञाने १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात याच समीकरणावर लेख लिहिला. किडींची संख्या एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी बदलते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. किडे कमी असले की भरभर वाढतात, फार झाले की अन्न पुरत नाही आणि मरतात. कपाशीवरच्या अळीने आपल्याकडच्या शेतकऱ्याला किती रडवलं ते तुम्हाला सांगायला नको. मे यांनी त्या लेखात आग्रह धरला होता की, हे समीकरण विद्यार्थ्यांना लवकर दाखवावं, म्हणजे साध्या नियमातूनही किती गुंतागुंत निघते हे त्यांच्या लक्षात येईल. तो आग्रह मी मनावर घेतला. त्याबद्दल पुढे बोलतो.

सगळेच नियम असे माथेफिरू नसतात. आपल्या देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं उदाहरण घ्या. ते शाळामास्तर होते. मोठं संशोधनकेंद्र नाही, पदवीचा डोलारा नाही. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपलं दहावीचं वर्ष घेऊ, १९८४. ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२. आता ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. मेळाव्याचं वर्ष २०२४ घ्या. पहिल्यांदा ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि शेवटी पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

म्हणजे एक नियम सुरुवातीचा बारीकसा फरकही विसरत नाही, उलट फुगवत नेतो. दुसरा नियम सुरुवात पूर्ण विसरतो आणि सगळ्यांना एकाच पारावर आणून बसवतो. समोर असलेली गोष्ट या दोन्हींपैकी कोणत्या जातीची आहे हे ओळखणं, हे आमच्या शास्त्राचं पहिलं काम.

मी या विषयाकडे वळलो तेव्हा तो तरुण होता. आपल्या विद्यापीठात एमएस्सी करत असताना जेम्स ग्लिक यांचं 'केऑस' हे १९८७ सालचं पुस्तक हाताला लागलं. पुढे पुण्यात पीएचडी केली. त्याच सुमारास, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या पेकोरा आणि कॅरोल यांनी दाखवून दिलं होतं की, बेभरवशाच्या दोन यंत्रणा योग्य तऱ्हेने एकमेकींना जोडल्या, तर त्या बरोबरीने चालू शकतात. पुढच्या क्षणी कुठे जातील ते सांगणं दोघींच्याही बाबतीत अवघड, पण जिकडे जातील तिकडे जोडीने. संसार केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. माझं बहुतेक संशोधन अशा जोडलेल्या यंत्रणांवर झालं.

नंतर मी मराठवाड्यात परत आलो आणि महाविद्यालयात शिकवू लागलो. मोठी उपकरणं मिळण्यासारखी नव्हती. पण या शास्त्राचं एक बरं आहे, ते स्वस्तात दिसतं. लिऑन चुआ यांनी १९८३ साली जपानमध्ये असताना एक साधं सर्किट आखलं. पुढे तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातले मुरली आणि लक्ष्मणन यांनी चुआंबरोबर मिळून त्याहून सुटसुटीत सर्किट दिलं. चुआंच्या सर्किटला लागतं काय? दोन कपॅसिटर, एक कॉइल, एक-दोन आयसी आणि थोडे रेझिस्टर. अठरा मिलिहेन्रीचं कॉइल आम्ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतलं. दुकानदाराने विचारलं, "सर, हे कोणत्या पंपाचं?" मी म्हटलं, "हे पाणी नाही, गोंधळ उपसतं."

त्या सर्किटला एक फिरवायचं बटण असतं. बटण एका जागी ठेवलं की व्होल्टेज शांत बसतं. थोडं फिरवलं की ते नियमित झुलायला लागतं. आणखी थोडं फिरवलं की दोन प्रकारचे झोके आळीपाळीने येतात, मग चार प्रकारचे, आणि पुढे केऑस. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन पंखांसारखी आकृती उमटते. टेबलाला धक्का दिला, सर्किट बंद करून पुन्हा चालू केलं, तर रेषेची वाट दर वेळी वेगळी होते. पण बटण तिथेच असेल तर आकृती तीच राहते. हे बटण लक्षात ठेवा. माझं आजचं बोलणं शेवटी त्याच्यावरच येणार आहे.

आता पावसाकडे येतो. २०१५ साल आठवा. जूनच्या सुरुवातीला पाऊस झाला, लोकांनी घाईने पेरण्या उरकल्या आणि मग पावसाने दडी मारली. दुबार पेरणीची वेळ आली. त्या वर्षी लासूरकडच्या आपल्या एका वर्गमित्राच्या शेतावर मी गेलो होतो. तो आज इथे बसला आहे, नाव घेत नाही. बांधावर उभं राहून त्याने मला विचारलं, "तू येवढा शिकलास ना लेका, मंग मला येवढंच सांग, मी पेरू कव्हा?"

त्याच्या प्रश्नाला फाटे फोडायची माझी हिंमत झाली नाही. मला आजवर अनेक सेमिनारमध्ये प्रश्न विचारले गेले. यापेक्षा अवघड प्रश्न एकही नव्हता, कारण चुकीच्या उत्तराची किंमत त्यातल्या कोणाला बियाण्याच्या पिशवीत मोजावी लागत नव्हती. त्याला मी जे सांगितलं ते आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकेतल्या एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ. १९६१ च्या हिवाळ्यात ते संगणकावर हवेचं छोटं गणित चालवत होते. एक गणित पुन्हा मधूनच सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. संगणकाच्या पोटात तो ०.५०६१२७ होता. आपण आत्ता केलं तसंच झालं, काही वेळाने दोन्ही गणितं फाकत गेली. १९६३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि हवामानाच्या अंदाजाला स्वतःची एक हद्द आहे हे कळलं. ती हद्द साधारण दोन आठवड्यांची मानतात. दोन आठवड्यांपलीकडे अमुक तारखेला तमुक गावात पाऊस पडेल हे सांगता येत नाही. उपग्रह कमी पडतात एवढंच त्याचं कारण नाही, हवेचा स्वभावच तसा आहे.

मग सगळंच अंधारात का? नाही. तीन-चार दिवसांचा अंदाज आज बराच भरवशाचा आहे. आठ-दहा दिवसांचा कल कळतो. १९९२ पासून मोठ्या हवामान केंद्रांनी नवी पद्धत सुरू केली. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून एकच गणित अनेक वेळा चालवायचं. पन्नास गणितांपैकी पस्तीस पाऊस दाखवत असतील, तर म्हणायचं सत्तर टक्के शक्यता. हा टक्का म्हणजे शास्त्रज्ञाची पळवाट नव्हे. आपल्याला किती दिसतं आणि किती दिसत नाही, याचा तो प्रामाणिक हिशेब आहे.

आणि चार महिन्यांचा अंदाज? तो वेगळ्या जातीचा. चार्नी आणि शुक्ला या दोघांनी १९८१ मध्ये मांडलं की, हवा चंचल असली तरी समुद्र सावकाश बदलतो. प्रशांत महासागराचं पाणी तापलेलं असेल तर आपल्या मोसमी पावसाचा एकूण कल बदलतो. यातले जगदीश शुक्ला उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्याचे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतही त्यांनी काम केलं होतं. २०१५ साली तापलेल्या समुद्राचा, म्हणजे एल निनोचा, जोर मोठा होता आणि देशाचा पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला. पण "देशाचा एकूण पाऊस" आणि "माझ्या गटातला पाऊस" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं आपली म्हातारी माणसं म्हणायची ती उगाच नाही. मोसमाचा अंदाज ऐकून कोणी पेरणीची तारीख ठरवू नये. त्याचा उपयोग किती एकर कपाशी, किती तूर, किती उधारी हे ठरवण्यापुरता.

"मंग पेरू कव्हा?" मित्र जागचा हलला नव्हता. तेव्हा मी त्याला परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला सांगितला, जो त्यालाही माहीत होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी त्यात भर घातली ती एवढीच, की हा सल्ला माझ्या शास्त्राच्या नजरेतून का शहाणपणाचा आहे. तो न दिसणाऱ्या उद्यावर भिस्त ठेवत नाही. जमिनीत आधीच मुरलेल्या, मोजता येणाऱ्या पाण्यावर ठेवतो. पुढे दहा दिवस उघडीप पडली तरी रोप तग धरतं. भविष्य दिसत नसेल तर निर्णय असा घ्यावा की, भविष्य थोडं चुकलं तरी आपण उभे राहू. सगळं गणित करून मी शेवटी या एका वाक्यावर आलो.

त्याने विचारलं, "आणि मोजायचं कशात?" त्याच्या गावात त्याला पर्जन्यमापक माहीत नव्हता.

माझं विज्ञानप्रसाराचं काम या प्रश्नाने बदललं. त्याआधी मी व्याख्यानं देत होतोच. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. पुण्याच्या आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होतात. नारळीकर सरांनी तर मराठीतून विज्ञान सांगण्याची लाज कोणाला वाटू नये, अशी व्यवस्थाच करून ठेवली. त्यांच्याच वाटेने मी चाललो होतो. पण २०१५ नंतर मी शाळांमध्ये जाताना पिशवीत तीन गोष्टी न्यायला लागलो. एक, दोन पट्ट्या आणि बेअरिंग जोडून केलेला दुहेरी लंबक. तो एकदा सोडला की कसा नाचेल ते कोणी सांगू शकत नाही, मुलं पैजा लावतात आणि हरतात. दुसरी, डझनभर साधे कॅल्क्युलेटर. तिसरी, प्लॅस्टिकची बाटली, पट्टी आणि कात्री.

बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, सरळ बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवायची आणि तळाच्या खळग्यात पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरायचं, की झाला पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला वाचायचं, वहीत लिहायचं, बाटली पुन्हा शून्यावर आणून ठेवायची. गंगापूर तालुक्यातल्या काही शाळांत मुलांनी हे केलं. शेजारशेजारच्या दोन गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या की मुलं हरखून जायची. एका गावात बाटली चांगली भरलेली, दुसऱ्या गावात त्याच दिवशी कोरडी. मग एखादा मुलगा विचारायचा, "सर, टीव्हीवर तर जिल्ह्यात पाऊस झाला म्हणाले?" सरासरी म्हणजे काय, हे त्या मुलाला मग वेगळं शिकवावं लागत नाही.

या कामात सगळ्यात मोठी अडचण अज्ञानाची नाही, अतिखात्रीची आहे. मोबाईलवर रोज कोणीतरी तारीखवार पाऊस सांगतो. पंचांगातली नक्षत्रांची वाहनं आहेत. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी आहे, ती अक्षय्य तृतीयेला होते आणि हजारो लोक तिच्याकडे डोळे लावून बसतात. मी कोणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. ज्याचं वर्षाचं पोट पावसावर आहे, त्याला कोणाच्या तरी खात्रीची भूक असणारच. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो. "हा अंदाज चुकला असं कधी म्हणायचं, हे सांगणाऱ्याने आधी सांगितलंय का?" सांगितलं असेल तर ऐका आणि वहीत लिहा. नसेल, तर ती करमणूक समजा.

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. जेवणाचा वास यायला लागला आहे.

माझ्या शास्त्रातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे फुलपाखरू. ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ होईल का, असं लॉरेन्झ यांच्या १९७२ च्या भाषणाचं शीर्षक होतं. ते शीर्षकही त्यांचं नव्हे, सत्राचे संयोजक फिलिप मेरिलीस यांनी दिलेलं. पण संयोजकाने दिलेली गोष्ट वक्त्याला चिकटते, हे आज मलाही कळतंय. स्नेहमेळाव्यात या फुलपाखराला फार मागणी असते. "सरांनी एकदा पाठीवर थाप मारली आणि माझं आयुष्य बदललं." "बाईंचं ते एक वाक्य, म्हणून मी इथवर आलो." ऐकायला गोड वाटतं. माझं शास्त्र मात्र मला असं म्हणू देत नाही.

कारण त्याच भाषणात लॉरेन्झ यांनी सांगितलं होतं की, फुलपाखरामुळे वादळ होऊ शकत असेल, तर फुलपाखरामुळे वादळ टळूही शकतं. एका फडफडीला श्रेय देता येत नाही, कारण तशा अगणित फडफडी रोज चालू असतात. तीच थाप, तेच वाक्य वर्गातल्या साठ जणांनी ऐकलं. आपल्या वर्गात गणितात माझ्यापुढे असणारी एक मुलगी होती. तिचं शिक्षण दहावीनंतर थांबलं, कारण घरच्यांनी तसं ठरवलं. एक मित्र वडील गेले म्हणून शेतात उतरला. काही जण पुढच्याच वर्षी वाळूजला सुरू झालेल्या कारखान्यात लागले आणि त्यांनी भावंडांची शिक्षणं केली. मी प्राध्यापक झालो. यात माझी हुशारी किती आणि हजारांशाचे फरक किती? मी बारीक गणित करणारा माणूस आहे, आणि मला ते वेगळं काढता येत नाही. म्हणून आज व्यासपीठावर मी आहे, याचा अर्थ समोर बसलेल्यांपेक्षा मी काही वेगळ्या मातीचा आहे असा होत नाही.

मग शाळेने काही केलंच नाही का? इथे ते बटण आठवा. सर्किटला धक्का द्या, वाट बदलते, आकृती बदलत नाही. आकृती बटणाने बदलते. शाळा म्हणजे धक्का नव्हे, फुलपाखरू तर नव्हेच. शाळा म्हणजे ते बटण. ते एका क्षणात फिरत नाही. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं, सगळ्या वर्गासाठी एकदम फिरतं.

उदाहरण देतो. आपले गणिताचे सर उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या नसतील तर गुण कापायचे. विज्ञानाच्या बाई प्रयोगवहीत दोन मथळे कधीही एकत्र करू द्यायच्या नाहीत, निरीक्षण आणि अनुमान. जे दिसलं ते वर, जे वाटलं ते खाली. ज्याने अनुमान वर लिहिलं त्याची वही परत यायची. त्यांनी हे कोणा एकाला उद्देशून केलं नाही. भाषण देऊन केलं नाही. प्रत्येक तुकडीला, प्रत्येक वहीत, निवृत्त होईपर्यंत केलं. माझ्या शोधनिबंधांत यापेक्षा वेगळं काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे फक्त माझ्याबाबतीत घडलेलं नाही. जो मित्र किराणा दुकान चालवतो त्याच्या उधारीच्या वहीत मी परवा तेच पाहिलं. जी मैत्रीण बचत गटाचा हिशेब ठेवते, तिच्या रजिस्टरमध्ये जमा झालेलं वेगळं आणि येणं वेगळं लिहिलेलं आहे. आणि तो लासूरचा मित्र. आता त्याच्या बांधावर पर्जन्यमापक आहे, आणि तो मला फोनवर सांगतो, "बासष्ट मिलिमीटर झालाय, अजून थांबतोय." वाटा वेगवेगळ्या, आकृती एकच.

सर, बाई, तुमच्यापैकी जे आज इथे आहेत त्यांना मी हे सांगायला आलो होतो. कोणत्या विद्यार्थ्याचं काय होईल हे तुम्हाला सांगता आलं नसतं, कोणालाच आलं नसतं. पण आमच्या विचाराची रीत तुम्ही ठरवलीत, आणि ती चाळीस वर्षं टिकली.

मित्रांनो, आपल्या तुकडीने शाळेला भेट द्यायचं ठरवलं आहे आणि संगमरवरी पाटीचा विषय निघाला आहे. माझी एक विनंती आहे. पाटी लहान करू. उरलेल्या पैशातून मैदानाच्या उघड्या कोपऱ्यात एक चांगला पर्जन्यमापक बसवू. शेजारी एक फळा लावू. रोज सकाळी साडेआठला एका वर्गाने आकडा वाचायचा, फळ्यावर लिहायचा आणि नोंदवहीत उतरवायचा. बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्यालाही तो दिसला पाहिजे. पहिल्या वर्षी त्याचं काही विशेष वाटणार नाही. दहा वर्षांनी ती वही गंगापूरची असेल, आणि मुलांच्या दहा तुकड्यांनी रोज जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं लिहायची सवय केलेली असेल. बाटलीपासून सुरुवात करायला मी तयार आहे. पावसाळ्यात महिन्यातून एक शनिवार शाळेत येण्याचं मी कबूल करतो. आणखी कोण कोण येणार, त्यांनी जेवताना माझ्याकडे नावं द्यावीत.

जेवण अजून गार झालेलं नसावं.